उजव्या पायात बूट

चावडीवर पायलट मिळाला, पिवळ्या मडगार्डाचा.
कुठे, म्हणाला. आगोंदला.
कोणाकडे? म्हटलं, एका पायलटाकडेच.
मग दुरुस्त केलं: पायलट नव्हे, वायरलेसवाला.
त्याला वाटलं, मोबाइल टॉवरचं काम.

नोरीनबाईंचं पत्र पर्समध्ये होतं,
डनेडिनहून, थरथरत्या शाईचं:
लेस्ली हार्कनेस, वय तेवीस, माझ्या आईचा भाऊ.
कोलंबोहून उडालेलं विमान, माणसं आठ,
ऑगस्ट त्रेचाळीस, शेवटचा संदेश अर्धा.
मी त्याला पाहिलेलं नाही,
पण हनुवटी माझी त्याची आहे म्हणतात.
सोबत फोटो. दोन्ही हनुवट्यांचे.

मी बत्तीस वर्षं मडगावच्या नोटरीकडे
जुन्या पोर्तुगीज दस्तांतले माड मोजले,
कोणाची वाट कोणाच्या कुंपणातून जाते ते वाचलं.
मेलेल्यांची अक्षरं मला लागतात.
म्हणून हे काम माझ्याकडे आलं,
फुकटात, आणि उशिरा.

चर्चच्या वहीत वाळवीने सोडलेल्या चार ओळी:
एक पुरुष. गोरा. समुद्राने दिलेला.
उजव्या पायात बूट.
धर्म माहीत नाही, सबब भिंतीबाहेर.
खाली रेजेदोराची सही, वेलबुट्टीची.
प्रेताला नाव नाही, सहीला तीन आडनावं.

गोवा तेव्हा लढाईत नव्हता.
पाण्याला कोणी कळवलं नव्हतं.

भिंतीबाहेरून किनाऱ्याकडे उतरले.
शॅकवाल्याच्या उलट्या खुर्च्या, आणि वाळूत
वनखात्याची पाटी: कासवाचं घरटं,
क्रमांक एकोणीस, अंडी एकशे चार, तारीख, सही.
ती पाटी मी दोनदा वाचली.

उमली पागीच्या अंगणात सोलं वाळत होती
एका पत्र्यावर. पांढरा, हलका, कडेला रिबिटांची रांग.
रापणीतून ओढलेला, तिच्या सासऱ्याने, पुणो पागीने.
आकडे होते म्हणे यावर, काळे, बोटाएवढे.
कुठे गेले?
ती ओशाळली.
राखेने घासायचे ना मी, लग्न होऊन आले तेव्हापासून.
सोलांचे डाग जात नाहीत.
मी पत्रा उन्हात तिरपा धरला, ओला केला,
मग कागद ठेवून पेन्सिल फिरवली.
कागदावर उमटला
साठ वर्षांचा स्वच्छपणा.

मग काही न बोलता ती मला
उंडीच्या झाडाखाली घेऊन गेली. तेलकट तीन दगड.
नवी होडी लोटण्याआधी इथे रोट ठेवतात,
करवंटीत सोरो, पेटवलेली विडी.
आमचा राखणदार, म्हणाली. रात्री वाळूतून फिरतो.
दगडाशी एक वहाण होती, चामड्याची, नवी.
मी दुसरी शोधू लागले.
डावीच ठेवतो आम्ही. उजवं आहे त्याच्याकडे.
कोण होता तो, विचारलं.
कोण तो, खबर ना. पूण भुकेल्लो आसतलो.

हा पुरावा नव्हे.
आठांपैकी कोणीही असेल,
किंवा त्या आठांतला कोणीच नसेल,
एखाद्या बुडालेल्या बोटीचा स्वयंपाकी.
हे मी माझ्याशीच बोलत होते, मोटरसायकलवर,
खोल्याच्या चढावर, तोंडात वारा.
पायलटाने मान वळवून विचारलं, भेटला का माणूस?
म्हटलं, पुढे बघ.

रात्री पत्राला बसले.
पुष्टी नाही, असं लिहिलं,
खाली रेघ मारली, कचेरीच्या सवयीने.
वही, पत्रा, दगड, सगळं क्रमाने.
कागद संपत आला तिथे, कडेने, उभं:
नोरीनबाई, त्याच्या पायाचं माप कळवाल का,
डाव्या पायाचं.
उमली दर वर्षी आठ नंबरची आणते,
सासऱ्याच्या अंदाजाने. चावत असली तर
कोण सांगणार.
नारळी पुनवेच्या आत कळवलंत
तर यंदाचीच बदलता येईल.